मदत हवी आहे: अमेरिकेतल्या दुकानाचा डेटा फुटला आणि माझ्या क्रेडिट कार्डावर ८१ हजारांचा बोजा

गोदातीर, १३ ऑगस्ट २०२४

नमस्कार. गेले दहा दिवस धड झोप नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

मी निवृत्त शिक्षक, नाशिकला असतो. एप्रिल ते जून आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला होतो. तिथल्या एका मोठ्या दुकानात हिच्यासाठी बूट पाहिले, मापाचे मिळाले नाहीत, म्हणून त्याच दुकानाच्या वेबसाइटवरून मागवले. खातं लेकीचं, कार्ड माझं, इथल्या बँकेचं. नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे टाकले आणि पैसे गेले. ओटीपी आलाच नाही. मला तेव्हाच खटकलं होतं, पण लेक म्हणाली, "बाबा, इकडे असंच असतं."

शनिवारी, ३ ऑगस्टला रात्री कार्डावर ८४ रुपये खर्च झाल्याचा मेसेज आला. मोबाइलमधल्या कुठल्यातरी ॲपचे असतील असं समजून मी झोपलो. पहाटे तीनच्या सुमारास ४१,२०० आणि पाठोपाठ ३६,७५०, दोन्ही परदेशी वेबसाइटवर. सकाळी साडेसहाला उठल्यावर पाहिलं. सातच्या आत बँकेला फोन करून कार्ड बंद केलं आणि तक्रार क्रमांक घेतला.

लेकीला कळवल्यावर तिने जुने मेल चाळले. त्या दुकानाचा जुलै अखेरचा मेल सापडला: वसंतात काही आठवडे वेबसाइटवर कार्डाची माहिती चोरीला गेली, आपण सावध राहावे. तिने तो जाहिरात समजून उघडलाच नव्हता.

काल बँकेचा मेसेज आला: "आपली तक्रार बंद करण्यात आली आहे." फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सोय तुम्हीच चालू ठेवली होती, त्यामुळे जबाबदारी तुमची." सोय चालू होती हे खरं आहे. प्रवासासाठी चालू केली, परतल्यावर बंद करायची राहिली. पण मी ओटीपी कुणाला दिला नाही, कुठल्या लिंकवर गेलो नाही. बिल आलं आहे, भरायची तारीख ३० ऑगस्ट. परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरून ८१,२५६ रुपये ८० पैसे. माझं अडीच महिन्यांचं पेन्शन आहे हे.

पैसे भरावे का? न भरल्यास सिबिल खराब होईल का? तक्रार बंद झाली म्हणजे विषय संपला का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

कंदील, १३ ऑगस्ट

काका, आधी १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून पोचपावतीचा क्रमांक घ्या. यूपीआयने पैसे गेले असतील तर १९३० वाले ते वाटेतच गोठवू शकतात. तुमचे पैसे परदेशातल्या दुकानदाराकडे गेलेत, तिथे तेवढा हात पोचणार नाही. पण तो क्रमांक पुढे प्रत्येक पत्रात लिहायला उपयोगी पडतो. माझ्या भावाकडे बँकेने सर्वात आधी तोच मागितला होता.

जुनी_खातेवही, १३ ऑगस्ट

सर, मी एका बँकेच्या कार्ड विभागात बावीस वर्षं काढली. तुमची बाजू भक्कम आहे, फक्त ती फोनवर न मांडता कागदावर मांडा.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती याबद्दल. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडेच कुठेतरी आहे, आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. सूचना मिळाली तो दिवसही यात धरत नाहीत. तुम्ही तर काही तासांत कळवलंत. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं असतं तर ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये तुमच्या माथी आले असते. त्यानंतर बँकेच्या धोरणावर अवलंबून.

"सोय चालू होती म्हणून तुमची जबाबदारी" हे त्या परिपत्रकात कुठेही नाही. ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणजे काय, याचं उदाहरण तिथे दिलंय ते कार्डाचा गुप्त तपशील स्वतःहून दुसऱ्याला देण्याचं. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. हे वाक्य पत्रात जरूर घाला.

आणखी एक. कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. तक्रार मेसेजवर बंद करून ही मुदत टळत नाही.

आता ओटीपी का आला नाही ते. भारतातल्या ऑनलाइन व्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची आहे, परदेशी वेबसाइटला ती सक्ती नाही. पण याचीच दुसरी बाजू तुमच्या कामाची आहे. कार्ड समोर नसताना, कुठलीही पडताळणी न करता दुकानदाराने पैसे घेतले आणि कार्डधारकाने नाकारले, तर कार्ड नेटवर्कच्या (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) नियमांप्रमाणे तो फटका सहसा दुकानदाराला बसतो. याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसामध्ये या प्रकाराचा कोडच वेगळा आहे, १०.४. मुदत साधारण १२० दिवस. म्हणजे बँकेला पदरचं काही घालायचं नाही, वेळेत अर्ज पुढे ढकलायचा आहे. फोनवरच्या मुलीला हे माहीत नसतं, तिच्यावर रागावू नका. तिच्यासमोरच्या पडद्यावर जे येतं ते ती वाचते.

पडवी, १३ ऑगस्ट

माझं मत: वाद नंतर घाला, आधी पूर्ण बिल भरून टाका. क्रेडिट कार्डाचं व्याज भयंकर असतं आणि सिबिल एकदा घसरला की वर यायला वेळ लागतो.

जुनी_खातेवही, १३ ऑगस्ट

पडवी, काळजी समजते, पण इथे सहमत नाही. पैसे भरले की बँकेची घाई संपते. शिवाय ८१ हजार एकदम भरणं प्रत्येकाला जमत नाही. क्रेडिट कार्डांबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश स्पष्ट आहेत: फसवणूक म्हणून नाकारलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत शुल्क लावता येत नाही, आणि वाद चालू असताना थकबाकीदार म्हणून सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांना शक्यतो कळवायचं नसतं. ग्राहकाने बिलावर हरकत घेतली तर ३० दिवसांत स्पष्टीकरण आणि लागू असतील ते पुरावे द्यायचे असतात.

सर, तुमचा स्वतःचा खरा खर्च जेवढा असेल तेवढा मात्र ३० तारखेच्या आत पूर्ण भरा, आणि तो कशाचा भरला हे मेलमध्ये लिहून ठेवा. परकीय चलन शुल्क आणि जीएसटीच्या ओळी वेगळ्या छापलेल्या असतात. हरकतीत त्या प्रत्येक ओळीचा उल्लेख करा. लोक मोठे आकडे लिहितात आणि या ओळी विसरतात.

गोदातीर, १३ ऑगस्ट

आपण सर्वांनी वेळ दिलात, मनापासून आभार. एक शंका. कार्डाच्या मागचे तीन आकडे दुकानं साठवून ठेवत नाहीत असं मी वाचलं होतं. मग ते चोरांना मिळाले कसे?

कंदील, १३ ऑगस्ट

बरोबर वाचलंत काका. व्यवहार मंजूर झाल्यावर ते आकडे साठवायला मनाईच आहे. म्हणून चोर साठ्यापर्यंत जातच नाहीत, पैसे भरायच्या पानावरच आपला कोड घुसवतात. तुम्ही टाइप करता तेव्हा एक प्रत दुकानाकडे जाते आणि एक चोराकडे. २०१८ साली ब्रिटिश एअरवेजच्या वेबसाइटवर हेच झालं. चार लाखांहून जास्त लोकांची माहिती त्यात सापडली आणि तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०२० मध्ये २ कोटी पौंड दंड केला. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेत टार्गेट या मोठ्या साखळीच्या दुकानांमधून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली, ती मात्र काउंटरवरच्या यंत्रांतून. चोर आत शिरले होते वातानुकूलनाचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या लॉगिनमधून. ग्राहकाने या दोन्ही ठिकाणी काय वेगळं करायला हवं होतं? काहीच नाही. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.

तो ८४ रुपयांचा मेसेज म्हणजे साधारण एक डॉलर. कार्ड चालू आहे की नाही हे चोर आधी असं चाचपून बघतात. इथे वाचणाऱ्या प्रत्येकाने एवढं लक्षात ठेवावं: आपण न केलेला व्यवहार दहा रुपयांचा असला तरी त्याच मिनिटाला कार्ड बंद करा.

अबोली_एडिसन, १४ ऑगस्ट

काका, तुमच्या लेकीने त्या वेबसाइटवर स्वतःचं कार्डही वापरलं होतं का? मी न्यू जर्सीतच असते, इकडचे नियम वेगळे आहेत म्हणून विचारते.

गोदातीर, १४ ऑगस्ट

हो ताई. तिच्या डेबिट कार्डातून ९ तारखेला २१२ डॉलर गेले. माझ्या गडबडीत तिने ते मला कालच सांगितलं.

अबोली_एडिसन, १४ ऑगस्ट

मग तिला आजच बँकेत कळवायला सांगा. इथे क्रेडिट कार्डावर कायद्याने ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरच्या पुढे जात नाही, आणि बहुतेक बँका तेही घेत नाहीत. डेबिट कार्डात पैसे थेट खात्यातून जातात, म्हणून घरभाडं आणि हप्ते अडकतात. कार्ड हातातच आहे आणि फक्त नंबर चोरीला गेलाय, तर स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत कळवलं की तिला तोटा सोसावा लागत नाही. ६० दिवस उलटल्यावर होणारे व्यवहार मात्र अंगावर येऊ शकतात. बँकेला चौकशीला कामकाजाचे १० दिवस मिळतात. त्यात झालं नाही तर बहुतेक वेळा तात्पुरते पैसे जमा करून मग पुढची चौकशी करावी लागते. डेबिट कार्डाने ऑनलाइन खरेदी मी तरी कधीच बंद केली.

तिला एक विचारा: त्या दुकानाचं स्वतःचं क्रेडिट कार्ड काढलं होतं का? दहा टक्के सूट मिळते म्हणून आपण काउंटरवर पटकन काढतो. काढलं असेल तर त्या अर्जात तिचा सोशल सिक्युरिटी नंबर (इकडचा सरकारी ओळख क्रमांक) दिलेला आहे आणि मामला मोठा आहे. मग इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या पतनोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, तिन्हीकडे क्रेडिट फ्रीझ लावायचं. सप्टेंबर २०१८ पासून ते फुकट आहे. फ्रीझने नवीन कर्ज तिच्या नावावर निघत नाही, जुन्या कार्डावरची चोरी मात्र थांबत नाही, त्यासाठी कार्डच बदलावं लागतं. हे दोन्ही वेगळं आहे, माझ्या नवऱ्याने एक करून दुसरं झालं असं समजून सहा महिने घालवले.

पडवी, १४ ऑगस्ट

खातेवहींचं पटलं, माझा सल्ला मागे घेतो. काका, एक इशारा. आता तुम्हाला "रिफंड विभागातून" फोन येतील. त्यांना बुटाची खरेदीसुद्धा माहीत असेल, त्यामुळे खरे वाटतील. स्क्रीन दाखवणारं ॲप टाका म्हणाले की फोन ठेवा. आणि बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेला घ्या.

गोदातीर, १४ ऑगस्ट

काल रात्री बसून हे पत्र लिहिलं. शाखेत दोन प्रती घेऊन जाणार आहे, एकीवर शिक्का घेईन, आणि बँकेच्या नोडल (तक्रारी पाहणाऱ्या) अधिकाऱ्याला मेलही करणार आहे. काही चुकत असेल तर सांगा.

"माझ्या क्रेडिट कार्डावर ३ व ४ ऑगस्ट २०२४ रोजी झालेले ८४, ४१,२०० आणि ३६,७५० रुपयांचे तीन व्यवहार, तसेच त्यांवर आकारलेले परकीय चलन शुल्क व जीएसटी मिळून ३,२२२ रुपये ८० पैसे, मी केलेले नाहीत आणि मला मान्य नाहीत. मी ४ ऑगस्ट रोजी सकाळी सातच्या आत आपल्याला दूरध्वनीने कळवले. तक्रार क्रमांक सोबत दिला आहे. ज्या दुकानाच्या वेबसाइटवर मी हे कार्ड वापरले होते, त्या दुकानाने कार्डांची माहिती चोरीला गेल्याचे कळवलेला मेल जोडला आहे.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार माझी जबाबदारी शून्य आहे आणि ती तशी नसल्यास सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. माझी तक्रार कोणत्या पुराव्यावर बंद केली, या तीन व्यवहारांत कोणती पडताळणी झाली आणि माल कोणत्या पत्त्यावर गेला, हे मला लेखी कळवावे. तात्पुरती रक्कम नियमातील मुदतीत जमा करावी आणि चार्जबॅक दाखल केल्याची तारीख द्यावी."

जुनी_खातेवही, १४ ऑगस्ट

उत्तम. सायबर पोर्टलचा पोचपावती क्रमांक घाला आणि कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे लिहा. शिक्क्याखाली तारीख आहे ना हे काउंटर सोडायच्या आधी बघा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

गोदातीर, २१ ऑगस्ट

सर्वांना नमस्कार. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी पत्र वाचून तक्रार पुन्हा उघडली. "चार्जबॅक" हा शब्द वाचल्यावर त्यांनी कार्ड विभागाला माझ्यासमोर फोन लावला. काल ७८,०३४ रुपये तात्पुरते जमा झाले. हिने देवापुढे दिवा लावला.

शुल्काचे आणि जीएसटीचे ३,२२२ रुपये ८० पैसे मात्र आलेले नाहीत. खातेवही, आपण म्हणालात तसंच झालं. त्यासाठी आज पुन्हा मेल केला आहे. माझा स्वतःचा खर्च २,३१० रुपये होता, तो भरून टाकला. लेकीने दुकानाचं कार्ड काढलेलं नव्हतं, तरी तिन्हीकडे फ्रीझ लावलं. तिचे २१२ डॉलर चौकशीत आहेत.

९० दिवस नोव्हेंबरच्या सुरुवातीला पूर्ण होतील. निकाल जो लागेल तो इथेच लिहीन.