मिवान इमारतीतील काँक्रीटच्या भिंतींसाठी कोणते ड्रिल घ्यावे?

वाकडवासी
नमस्कार. आम्ही नुकतेच पुण्यात वाकडला नव्या इमारतीत राहायला आलो आहोत. इमारत मिवान शटरिंगची (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेली) असल्यामुळे आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नसून सलग ओतलेल्या आर.सी.सी.च्या आहेत. पडद्यांचे रॉड, टीव्हीचा स्टँड, स्वयंपाकघरातील मांडण्या असे बरेच काम बाकी आहे. शेजाऱ्यांचे ५०० वॅटचे इम्पॅक्ट ड्रिल वापरून पाहिले, परंतु जेमतेम एक सेंटिमीटर आत गेल्यावर बिट जागच्या जागी फिरत राहिले आणि त्याचे टोक तापून निळे पडले. दुकानदार त्याच प्रकारचे ८५० वॅटचे यंत्र घ्यावे असे सुचवतात. वॅट वाढवल्याने हे काम होईल का?

स्थापत्य_पुणे
वॅट वाढवून फारसा उपयोग होणार नाही. यंत्राचा प्रकारच बदलून रोटरी हॅमर घ्यावा लागेल. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून फिरताना उसळतात आणि त्यातून मिनिटाला चाळीस-पन्नास हजार ठोके पडतात, पण प्रत्येक ठोका अगदी हलका असतो आणि त्याचा जोर बऱ्याच अंशी आपण मागून किती रेटतो यावरच ठरतो. वीट आणि प्लास्टर यांना तेवढे पुरते. आपल्याकडच्या काँक्रीटमधली खडी मात्र काळ्या बसाल्टची असते. तिचा कपचा उडाल्याखेरीज भोक पुढे सरकत नाही, आणि नुसत्या घासण्याने बिट तेवढे तापते.

रोटरी हॅमरमध्ये मोटर एक दट्ट्या पुढे-मागे चालवते, त्याच्यापुढे दाबली गेलेली हवा हातोड्यासारखा एक ठोकळा ढकलते आणि तो बिटाच्या बुडावर आदळतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच पडतात, पण घरगुती कामाच्या यंत्रातही एका ठोक्याची ताकद २ ते ३ ज्यूल असते. म्हणून खोक्यावर वॅटच्या आधी ज्यूलचा आकडा पाहावा. तो छापलेलाच नसेल तर ते यंत्र मी तरी घेणार नाही. या यंत्राला एस.डी.एस. प्लस प्रकारचा चक, म्हणजे बिट धरणारा भाग, असतो. बॉश कंपनीने १९७५ च्या सुमारास आणलेल्या या रचनेत बिटाचा १० मिलिमीटर जाडीचा खाचा असलेला दांडा चकमध्ये घट्ट आवळलेला नसतो, तो पुढे-मागे सरकू शकतो आणि त्यामुळे ठोका थेट टोकापर्यंत पोहोचतो. साध्या चकची गोल दांड्याची बिटे यात बसत नाहीत, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे.

आपल्या कामाला दोन-अडीच किलोच्या गटातील, सुमारे ८०० वॅटचे यंत्र पुरेसे आहे. ते साडेतीन अँपिअरच्या आसपास वीज घेते, म्हणून घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते. सेफ्टी क्लच असल्याची खात्री मात्र जरूर करून घ्यावी, कारण बिट सळईत अडकले की क्लच नसलेले यंत्र मनगट पिरगाळते.

वाकडवासी
सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. सळईचा उल्लेख आपण केलात, म्हणून विचारतो: मध्येच सळई लागली तर तिच्यातून भोक पाडावे का?

स्थापत्य_पुणे
अजिबात नाही. सळई लागल्याचे हातालाच कळते: ठोक्यांचा आवाज खणखणीत होतो, करड्या भुकटीऐवजी भोकातून जवळजवळ काहीच बाहेर येत नाही आणि बिट पुढे जात नाही. अशा वेळी थांबून तीन-चार सेंटिमीटर बाजूला नवे भोक घ्यावे आणि जुने भरून टाकावे. आपल्या इमारतीत या भिंतीच वजन पेलतात, त्यामुळे त्यांतील सळई कापणे योग्य नाही. चार धारांचे कार्बाइड बिट घेतल्यास ते सळईच्या कडेला लागले तरी दोन धारांच्या बिटाइतके सहज अडकत नाही.

याहून मोठी काळजी विजेच्या नळ्यांची आहे. विटांच्या भिंतीत झिरी पाडून नळी बहुधा बोर्डाच्या सरळ रेषेत वर किंवा खाली नेतात, तर मिवानमध्ये ती काँक्रीट ओतण्यापूर्वीच सळयांच्या जाळीला बांधलेली असते आणि कशीही वळलेली असू शकते. बिल्डरकडून वायरिंगचा नकाशा मागून घ्यावा आणि वायर शोधणारे डिटेक्टर भिंतीवर फिरवूनच खूण करावी.

रत्नागिरीकर
वरील सल्ला काँक्रीटसाठी अगदी योग्य आहे, पण तो वाचून कोकणातल्या कोणी जांभ्याच्या भिंतीवर पूर्ण जोराने हॅमर चालवू नये, एवढ्यासाठी लिहितो. जांभा सच्छिद्र असतो. ठोक्याने भोकाच्या कडा ढासळतात, ८ मिलिमीटरचे भोक पाहता पाहता १० चे होते आणि स्क्रूसाठी बसवलेला प्लास्टिकचा प्लग त्यात सैल फिरतो. तिथे साधे इम्पॅक्ट ड्रिल, बारीक बिट आणि लांब प्लग हेच बरे. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंतीत तर ठोका पूर्ण बंद ठेवून नुसते फिरवूनच भोक पाडावे.

वाकडवासी
स्वयंपाकघरातील मांडण्या टाइल्सवर येणार आहेत. तिथेही रोटरी हॅमरच वापरावा का?

स्थापत्य_पुणे
टाइल संपेपर्यंत ठोका बंद ठेवावा. भाल्याच्या टोकासारखे टाइलचे बिट साध्या ड्रिलला लावून, कमी वेगाने, टाइलची जाडी पार करावी आणि मागचे काँक्रीट लागल्यावरच रोटरी हॅमर घ्यावा. प्लगच्या लांबीपेक्षा भोक साधारण १ सेंटिमीटर खोल ठेवावे आणि प्लग बसवण्यापूर्वी आतली भुकटी फुंकणीने काढावी, नाहीतर प्लग पूर्ण आत जात नाही. ही भुकटी फुप्फुसांना घातक असते. एन-९५ मास्क आणि चष्मा लावूनच काम करावे. सगळी कामे दोन दिवसांत आटोपणार असतील तर हार्डवेअरच्या दुकानात यंत्र भाड्याने मिळते का ते विचारावे, मात्र ६ आणि ८ मिलिमीटरची चांगली बिटे स्वतःची घ्यावीत, कारण भाड्याच्या यंत्राबरोबर येणारी बिटे बहुधा झिजलेली असतात.