केमोरेडिएशननंतर अन्ननलिकेचा कॅन्सर त्याच जागी परत: सॅल्व्हेज सर्जरीला (परतलेला कॅन्सर काढायच्या ऑपरेशनला) पाठवावं का?

जीपी_फोंडा
नमस्कार. रुग्ण ५८ वर्षांचे, डिचोली तालुक्यातले. अन्ननलिकेच्या मधल्या भागात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, दातांपासून २८ सेंमीवर. ऑपरेशन नको म्हणून ५०.४ ग्रे रेडिएशन २८ फ्रॅक्शनमध्ये (बैठकांमध्ये) आणि दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिन ही केमो घेतली. तीन महिन्यांनी एंडोस्कोपी साफ होती. आता सातव्या महिन्यात घट्ट घास अडकतो, त्याच जागी व्रण आहे, बायोप्सी पॉझिटिव्ह. पेट-सीटीत इतरत्र काही नाही. वजन ६१ वरून ५३ किलो. एक सर्जन म्हणतात काढू, दुसरे म्हणतात हात लावू नका. घरचे मला विचारतात. शिवाय गिळायला सोपं जावं म्हणून कुणीतरी स्टेंट (अन्ननलिका उघडी ठेवणारी जाळीची नळी) सुचवलाय. टाकावा का?

छातीचा_सर्जन
डॉक्टर, स्टेंट आत्ता नको. ऑपरेशनचा विचार चालू आहे तोवर तरी नकोच. रेडिएशन घेतलेल्या भिंतीवर धातूची जाळी दाबत राहिली की भोक पडतं किंवा श्वासनलिकेशी फिश्चुला (आरपार वाट) होतो, आणि मग काढण्यासारखा कॅन्सरही काढता येत नाही. पेगही (पोटाच्या भिंतीतून जठरात घातलेली आहाराची नळी) नको. अन्ननलिका काढल्यावर तिच्या जागी नवी नळी जठरापासूनच करायची असते, आणि पेग घालताना तिला रक्त पुरवणाऱ्या उजव्या गॅस्ट्रोएपिप्लोइक धमनीला धक्का लागला तर ती नळीच गेली. आहारासाठी बारीक रायल्स ट्यूब (नाकातून घातलेली नळी) किंवा फीडिंग जेजुनोस्टॉमी (लहान आतड्यात घातलेली नळी).

आता मुख्य प्रश्न. सॅल्व्हेजमध्ये सगळं एका गोष्टीवर ठरतं: कडा साफ ठेवून गाठ पूर्ण निघेल का? निघाली तर काही रुग्ण वर्षानुवर्षं जगतात. मागे तुकडा राहिला तर रुग्णाला ऑपरेशनचा सगळा त्रास होतो आणि आयुष्य वाढत नाही. म्हणून 'बघू उघडून' या तयारीने छातीत शिरू नये.

२८ सेंमी म्हणजे कॅरायनाच्या (श्वासनलिका दोन फाट्यांत विभागते ती जागा) जरा खाली, डावा मुख्य ब्राँकस (डाव्या फुप्फुसाकडे जाणारा फाटा) अगदी चिकटून. ब्राँकोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) झालीच पाहिजे. ब्राँकसची मागची पातळ भिंत फक्त आत ढकललेली आहे की तिथली म्यूकोसा (आतलं अस्तर) खडबडीत, लाल, रक्ताळ आहे, हे डोळ्यांनी पाहायचं आणि शंका असेल तिथे बायोप्सी घ्यायची. ब्राँकसमध्ये शिरकाव असेल तर ऑपरेशन नाही. महाधमनीचंही तसंच, पण सीटीत रेडिएशनचा फायब्रोसिस (व्रणासारखा घट्टपणा) आणि गाठ सारखीच दिसतात, म्हणून जुने आणि नवे सीटी शेजारी ठेवून वाचायला सांगा.

आकडे हवे असतील तर २०१५ मध्ये युरोपातल्या ३० केंद्रांचा मोठा अभ्यास आला. सॅल्व्हेज आणि आधीपासून ठरवून केलेली सर्जरी यांत रुग्णालयातले मृत्यू जवळपास सारखे, ८.४ आणि ९.३ टक्के. जोडाची (नवी नळी जिथे उरलेल्या अन्ननलिकेला शिवतात तिथली) गळती मात्र १७.२ विरुद्ध १०.७ टक्के. रेडिएशन ५५ ग्रेच्या वर गेलेल्यांत धोका जास्त होता. तुमचे रुग्ण त्याच्या खाली आहेत, हे चांगलं. पण ती केंद्रं अनुभवी होती. वर्षाला दोन-चार अन्ननलिका काढणाऱ्या ठिकाणी हे आकडे लावू नका.

रेडिओथेरपी_पणजी
रेडिएशन कुठे झालं तिथून प्लॅनची डायकॉम सीडी (मूळ डिजिटल फाइल्स) मागवा, डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. सर्जनला दोन गोष्टी कळायला हव्यात: फील्डची (रेडिएशन दिलेल्या भागाची) वरची कड कुठे संपते, आणि जठराच्या फंडसला (वरच्या घुमटाला) किती डोस गेला. जोड फंडसच्या टोकाजवळ होतो. तोच भाग भाजलेला असेल तर गळती ठरलेली. गाठ मधल्या भागात असल्याने फंडस वाचला असण्याची शक्यता आहे, पण सीलियाक गाठी (पोटाच्या वरच्या भागातले लिम्फ नोड) फील्डमध्ये घेतल्या असतील तर नाही.

ऑन्को_मडगाव
वरच्यांशी सहमत, फक्त एक भर. अशा रुग्णात जोड मानेत घ्यावा, फील्डच्या बाहेर. मानेतली गळती टाके उघडून, ड्रेसिंग करून बहुतेक वेळा आटोक्यात येते. छातीतली जीव घेते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाडी अचानक १२० किंवा नवं एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) दिसलं तर आधी गळती समजा आणि सीटी करा, ताप येण्याची वाट पाहू नका.

लिम्फ नोड काढण्याचा हावरेपणाही इथे नडतो. रेडिएशनने बारीक रक्तवाहिन्या आधीच बुजलेल्या, त्यात दोन्ही बाजूंनी श्वासनलिका सोलली आणि उजवी ब्राँकियल धमनी गेली की मागची भिंत कुजते. दिसणाऱ्या, संशयित गाठी काढाव्यात. श्वासनलिकेजवळ एनर्जी डिव्हाइसचं (उष्णतेने कापणाऱ्या उपकरणाचं) तोंड भिंतीकडे वळू देऊ नये, उष्णतेची इजा टेबलवर दिसत नाही, आठवड्याने कळते.

आहार_म्हापसा
आठ किलो म्हणजे मूळ वजनाच्या १३ टक्के. या स्थितीत टेबलवर घेऊ नये. दोन-तीन आठवडे मिळाले तर रोज किलोमागे ३० कॅलरी आणि १.५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे साधारण १६०० कॅलरी, ८० ग्रॅम प्रथिनं. नुसत्या पेजेवर हे कधीच होत नाही. घरच्यांना वाटतं दिवसभर पेज जाते म्हणजे पोट भरतं, पण एका पेल्यात बहुतेक पाणीच असतं. पेजेत दूध पावडर, अंड्याचा पांढरा, मऊ मुगाची डाळ गाळून घाला आणि उरलेलं ट्यूबमधून. फार दिवस उपाशी असतील तर पहिल्या दिवशी अर्धंच द्या, थायामिन आधी, आणि पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम रोज तपासा.

जीपी_फोंडा
आभारी आहे. ब्राँकोस्कोपी झालेलीच नाही. विडीही पूर्ण सुटलेली नाही. शिरकाव निघाला तर पुढे काय?

छातीचा_सर्जन
तर केमो आणि इम्युनोथेरपी. पीडी-एल१ तपासणीसाठी (इम्युनोथेरपीचा उपयोग होईल का हे पाहणारी) याच बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आताच राखून ठेवायला सांगा. स्टेंटचा विचार तेव्हा, तोही श्वासनलिका दबत नाही हे पाहून. विडी आजपासून बंद, चार आठवडे मिळाले तर फुप्फुसाला फरक पडतो. डीएलसीओ (फुप्फुसातून वायू रक्तात किती जातो याची तपासणी) करून घ्या, साधी स्पायरोमेट्री (फुंकून करायची श्वासाची तपासणी) रेडिएशनचं नुकसान दाखवत नाही. ब्राँकोस्कोपी आधी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जिथे लवकर तारीख मिळेल तिथे करा, आणि रिपोर्टबरोबर व्हिडिओही मागून घ्या. मुंबईला पाठवायची वेळ आली तर सीडी, ब्लॉक आणि तो व्हिडिओ सोबत असू द्या, नाहीतर तिथे सगळं पुन्हा होतं आणि महिना जातो.