मदत हवी आहे: मुलाला अमेरिकन फुटबॉलच्या कॉलेज टीममध्ये जीएची ऑफर, शुक्रवारपर्यंत कळवायचंय

गोदाकाठ
मुलाला जीएची, म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंटची ऑफर आली आहे: पुढचं शिक्षण घेत कोचांच्या हाताखाली काम. त्याला पुढे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (ओसी, टीमच्या आक्रमणाची आखणी करणारा कोच) व्हायचंय, शाळेत असल्यापासून हेच डोक्यात आहे. आमचे हे म्हणतात, चांगली नोकरी हातात असताना जवळजवळ फुकट राबायला कशाला जायचं. घरात रोज वाद. माझा प्रश्न एवढाच: या वाटेने माणूस खरंच ओसी होतो का, आणि किती वर्षांनी? कृपया "त्याच्या मनासारखं होऊ द्या" असं लिहू नका. ते मलाही कळतं.

आयोवाचा_मावळा
कुठल्या डिव्हिजनचं कॉलेज? मुलगा स्वतः कॉलेजात खेळलाय का? ट्यूशन माफ आहे का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

न्यूजर्सीकर_काका
एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असेल तर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. फुटबॉलच्या सीझनमध्ये जीएचे तास याच्या कितीतरी वर जातात. इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसकडून लेखी घ्या. पुढे एच-१बी लागलाच तर विद्यापीठं लॉटरीच्या बाहेर असतात, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. माझ्या पुतण्याचं स्टेटस अशाच एका चुकीने अडकलं होतं, म्हणून सांगतो.

गोदाकाठ
काका, तो इथेच जन्मलाय, सिटिझन आहे. व्हिसाचं मी विचारलंच नाही.
मावळा, कॉलेज एफबीएस (कॉलेज फुटबॉलची सर्वात वरची पातळी) आहे, पण मोठ्या कॉन्फरन्समधलं, म्हणजे बड्या कॉलेजांच्या गटातलं नाही. तो हायस्कूलपर्यंत खेळला. कॉलेजात टीमच्या व्हिडिओ विभागात होता. ट्यूशन माफ आहे, वर थोडा स्टायपेंड. आता सांगा.

लबकचा_पाटील
ताई, खेळला नाही म्हणून काही अडत नाही. नावाजलेले कोच माइक लीच कॉलेज फुटबॉल खेळलेच नव्हते, शिवाय कायद्याची पदवी घेऊन बसले होते. १९८९ मध्ये आयोवा वेस्लियनसारख्या छोट्या कॉलेजात हेड कोच हॅल ममी यांच्या हाताखाली लागले, १९९९ मध्ये ओक्लाहोमाचे ओसी आणि पुढच्याच वर्षी आमच्या टेक्सास टेकचे हेड कोच. त्यांच्याकडे लिंकन रायली वॉक-ऑन (शिष्यवृत्तीशिवाय टीममध्ये आलेला) क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू म्हणून आला होता. लीचनी त्याला सांगितलं, खेळणं सोड, माझा स्टुडंट असिस्टंट हो. २०१० मध्ये वयाच्या २६व्या वर्षी तो ईस्ट कॅरोलिनाचा ओसी झाला, २०१५ मध्ये ओक्लाहोमाचा. त्याच वर्षी सर्वोत्तम असिस्टंट कोचचा ब्रॉयल्स पुरस्कार. २०१७ मध्ये तिथलाच हेड कोच. पाठवा मुलाला, डोळे झाकून.

प्लेनो_मास्तर
डोळे झाकून अजिबात नाही. पाटील, रायलीला ईस्ट कॅरोलिनात कोणी नेलं तेही सांगा की. रफिन मॅकनील. तो टेक्सास टेकच्या स्टाफवरच होता, हेड कोच झाल्यावर ओळखीच्या पोराला सोबत घेऊन गेला. इथे गुणाइतकीच ओळख चालते. तुमचा माणूस वर चढला तर तुम्ही चढता, त्याला काढलं तर डिसेंबरात अख्खा स्टाफ घरी.
ताई, माझं ऐका. मुलाला शिक्षकाचं सर्टिफिकेट घेऊन हायस्कूलला घाला. मी टेक्सासमध्ये शिकवतो, इथे शिकवणं आणि कोचिंग हातात हात घालून चालतं. पगार असतो, इन्शुरन्स असतो, आणि प्ले स्वतः कॉल करायला, म्हणजे कुठली चाल खेळायची ते ठरवायला लवकर मिळतं. गस मालझान हा कोच आर्कान्सातल्या हायस्कूलांमधूनच २००६ मध्ये थेट आर्कान्सा विद्यापीठाचा ओसी झाला. २०१० च्या सीझनला ऑबर्नचा ओसी म्हणून राष्ट्रीय विजेतेपद.

लबकचा_पाटील
आणि त्याआधी हायस्कूलांत त्याची १५ वर्षं गेली, ते गाळलंत मास्तर. हायस्कूलमधून थेट ओसी झालेले अजून किती जण सांगाल?

प्लेनो_मास्तर
आणि २६व्या वर्षी ओसी झालेले तुम्ही किती सांगाल?

सिंहगड_ते_सिएटल
दोघेही थांबा जरा. मी विद्यार्थी असताना एका फुटबॉल ऑफिसात काम केलंय. ताईंना जीए करतो काय ते तरी कळू दे. रविवारी पुढच्या प्रतिस्पर्ध्याची फिल्म प्ले-प्ले करून तोडायची: प्रत्येक प्लेला डाऊन (कितवा प्रयत्न), किती अंतर हवं, चेंडू मैदानाच्या कुठल्या हॅशवर (खुणेवर), फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी), मोशन (प्लेआधीची हालचाल), ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा धाड) आला की नाही, सगळं टॅग. मग स्काउट टीमसाठी, म्हणजे सरावात प्रतिस्पर्धी बनणाऱ्या पोरांसाठी कार्डं. एका कार्डावर एक प्ले, ११ वर्तुळं, जाड मार्करने बाण, कारण सरावात ते कार्ड हातात उंच धरायचं आणि पोरांना क्षणभर बघून उभं राहता आलं पाहिजे. एक बाण चुकला की अख्ख्या सरावासमोर बोलणी. शनिवारी ओसीच्या हातात जो लॅमिनेट केलेला कॉल शीट दिसतो, थर्ड अँड शॉर्ट (तिसरा प्रयत्न, थोडं अंतर) वेगळं, रेड झोन (गोलजवळचा भाग) वेगळं, सुरुवातीचे ठरवलेले प्ले वेगळे, तो याच टॅगमधून तयार होतो. व्हिडिओ विभागातून आलेल्या मुलाला यातलं निम्मं येत असणार. ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.
शिवाय २०२४ पासून नियम सैल झालाय. आधी ठरावीक १० असिस्टंटच मैदानावर प्रत्यक्ष शिकवू शकत, आता ॲनालिस्टही (ऑफिसात विश्लेषण करणारे) शिकवू शकतात. म्हणजे जीए आणि ओसी यांच्या मध्ये एक पायरी वाढली.

आयोवाचा_मावळा
ओसी झाल्यावरचंही बघा. आमच्याकडे आयोवा विद्यापीठात ओसी ब्रायन फेरेंट्झला २०२३ मध्ये करारातच घातलं: सामन्यामागे सरासरी २५ गुण आणि सात विजय. पगार ५०,००० डॉलरने कापून ८,५०,००० केला. टीम १० सामने जिंकली, पण डिफेन्सच्या जोरावर. त्याला ऑक्टोबरातच सांगून टाकलं की पुढच्या वर्षी तू नाहीस.

प्लेनो_मास्तर
बाप हेड कोच होता म्हणून तो तिथवर टिकला. ते उदाहरण इथे लागू नाही.

आयोवाचा_मावळा
बापाकडे रिपोर्टिंगच नव्हतं, ॲथलेटिक डायरेक्टरकडे (विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाकडे) होतं. माहिती घेऊन बोला.

सिंहगड_ते_सिएटल
अवांतर: उलटी वाटही असते. चिप केली हा कोच २०२४ मध्ये यूसीएलएचं हेड कोचपद सोडून ओहायो स्टेटचा ओसी झाला आणि त्याच सीझनला विजेतेपद घेतलं. मालझानही यूसीएफ विद्यापीठाचं हेड कोचपद सोडून फ्लोरिडा स्टेटचा ओसी झाला.

गोदाकाठ
आयोवावर वाद नंतर घाला. उद्या गुरुवार आहे. मुलगा आत्ता म्हणाला की जागा डिफेन्सकडे आहे, सेकंडरीच्या (पास अडवणाऱ्या मागच्या फळीच्या) कोचच्या हाताखाली. त्याने काही बिघडतं का?

लबकचा_पाटील
ताई, ही तर पहिल्या ओळीत सांगायची गोष्ट! मग मी म्हणेन थांबा. ऑफेन्सची जागा शोधा.

सिंहगड_ते_सिएटल
मला नाही पटत. जो ब्रॅडी विल्यम अँड मेरी कॉलेजात लाइनबॅकर्सचा (बचावाच्या मधल्या फळीचा) कोच होता, म्हणजे डिफेन्सच. मग पेन स्टेटला जीए, २०१६ मध्ये तिथे जो मूरहेड ओसी म्हणून आले, त्यानंतर दोन वर्षं न्यू ऑर्लीन्स सेंट्स ही व्यावसायिक टीम. २०१९ मध्ये एलएसयू विद्यापीठाला पासिंग गेम कोऑर्डिनेटर (पूर्ण ओसी नव्हे, पासच्या खेळाचा आखणीकार), टीमने १५ पैकी १५ सामने जिंकले, ब्रॉयल्स पुरस्कार. सुरुवातीपासून धरली तर साधारण सहा वर्षं, आणि हे खूप लवकर झालं असं समजा. सेकंडरीत बसून कव्हरेज (पास अडवण्याची मांडणी) कसं लपवतात हे शिकलेला मुलगा पुढे क्वार्टरबॅकला तेच ओळखायला शिकवू शकतो.
मुलाला उद्याच तिथे फोन करायला सांगा. दुसऱ्या वर्षी ऑफेन्सकडे बदली मिळू शकते का, आणि हेड कोचच्या कराराची किती वर्षं उरलीत, एवढं विचारू दे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एक वर्ष असं आलं तर मी मास्तरांच्या बाजूने.

प्लेनो_मास्तर
आणि हेल्थ इन्शुरन्स. तो तुमच्या पॉलिसीवर २६ वर्षांपर्यंतच राहील. वय काय त्याचं?

गोदाकाठ
२४. करार किती वर्षांचा ते आत्ता विचारायला लावते.