अनुभव धागा : अंडरग्राउंड रॉकची वर्षे आणि जुनी छायाचित्रे

आपल्या बँडचा एकही अल्बम निघाला नाही आणि ज्या कॅसेट भरल्या होत्या, त्यांतील बहुतेकींची फीत खराब झाली. त्यामुळे नुकतीच स्कॅन करून सर्वांना पाठवलेली ही छायाचित्रे हाच त्या वर्षांचा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. प्रत्येकाने त्यांतील एखादे निवडावे आणि चौकटीत काय दिसते, चौकटीबाहेर काय चालले होते, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करते.

लीड गिटार

फोटोंच्या अल्बममध्ये चित्रे ज्याच्या त्याच्या आवडीने लावली गेल्यामुळे कार्यक्रमांचा क्रम विस्कटला होता आणि कालांतराने आपण सगळे त्या क्रमालाच इतिहास मानू लागलो होतो. निगेटिव्हच्या कडेला छापलेल्या क्रमांकांनी तो प्रश्न सोडवला. ३५ मिमीच्या मोठ्या रोलमध्ये ३६ फोटो निघत आणि आपल्याला एकच रोल पुष्कळ दिवस पुरवावा लागे. म्हणून एकाच रोलच्या पट्ट्यांवर आधी तालमीची खोली, मग कार्यक्रम आणि लगेच पुढे कोणाचा तरी वाढदिवस सापडतो. काळी गिटार माझ्याकडे पहिल्यापासून होती, असे सगळेच सांगतात. पहिल्या कार्यक्रमाच्या चौकटींत मात्र माझ्या हातात उसनी लाकडी रंगाची गिटार आहे आणि काळी गिटार येते ती थेट त्या रोलच्या शेवटी.

ड्रम

कॅमेऱ्यावरच्या लहान फ्लॅशचा उजेड काही मीटरच्या पुढे क्षीण होत जातो, त्यामुळे सर्वांत मागे बसणारा मी बहुतेक फोटोंत अंधारातच आहे. याला अपवाद म्हणजे बाजूने काढलेला तो एक फोटो, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण गठ्ठ्यातला तोच सर्वांत मौल्यवान आहे. पायाच्या ठोक्यांनी बेस ड्रम पुढे सरकू नये म्हणून खाली जाड सतरंजी अंथरलेली आहे आणि तरीही तो सरके म्हणून पुढे वीट लावलेली आहे. पुढच्या कातड्याला पाडलेल्या भोकातून आत कोंबलेली उशी डोकावते आहे आणि स्नेअरवर, म्हणजे समोरच्या छोट्या खणखणीत ड्रमवर, चिकटपट्टीचे दोन तुकडे एकमेकांवर आडवेतिडवे लावलेले आहेत. हा सगळा खटाटोप घुमारा मारण्यासाठी होता. त्या उशीकडे आणि पट्ट्यांकडे नजर गेली आणि तालमीच्या खोलीतला तो कोरडा, आखूड ठोका कितीतरी वर्षांनी कानांत स्पष्ट वाजला. कॅसेटवर तो इतका स्वच्छ कधीच उतरला नव्हता.

गायन

लाल दिव्यांखालचे रंगीत फोटो मला निरुपयोगी वाटतात. रंगीत फिल्मच्या तीन रंगसंवेदी थरांपैकी जवळजवळ एकाच थरावर तो उजेड उमटतो आणि चेहऱ्याचा नुसता लाल डाग होतो. त्याच कार्यक्रमाचा कृष्णधवल फोटो मात्र, फिल्मचे ठिपक्यांसारखे दाणे जाडेभरडे असूनही, सगळे सांगतो. मी एक कान बोटाने बंद केला आहे. पाहणाऱ्यांना ती माझी लकब वाटे. प्रत्यक्षात आपल्याकडे मॉनिटर स्पीकर (वाजवणाऱ्यांना स्वतःचाच आवाज ऐकवणारे) नव्हते आणि गिटारच्या गजरात स्वतःचा सूर ऐकण्याचा तेवढाच उपाय होता.

छायाचित्रण

मी वाद्य वाजवत नव्हतो आणि यांतील एकाही फोटोत नाही, तरीही या धाग्यात मला बोलावले, याचे मनापासून समाधान वाटते. वरचा कृष्णधवल फोटो ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे माप) फिल्मवर, ती १६०० ची आहे असे धरून काढला आणि प्रयोगशाळेत जास्त वेळ धुऊन घेतला. दाणे त्यामुळेच वाढले. एवढे करूनही शटर पुष्कळदा सेकंदाच्या तिसाव्या भागावर ठेवावे लागे, म्हणजे हलणारा माणूस पुसट येणारच. गाणी मला तोंडपाठ होती. गायक कोणत्या ओळीनंतर श्वास घेण्यासाठी क्षणभर थांबतो, हे ठाऊक असल्यामुळे मी नेमके तेव्हाच बटण दाबत असे.

गीतलेखन

‘अंडरग्राउंड’ हे बिरूद आपण अभिमानाने लावत होतो, त्याविषयी थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते. कम्युनिस्ट राजवटीखालच्या चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये १९६८ साली स्थापन झालेल्या ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या बँडच्या वर्तुळातील लोकांना १९७६ मध्ये तुरुंगवास झाला आणि त्या खटल्यातून ‘चार्टर ७७’ या नागरी चळवळीला चालना मिळाली. आपल्यामागे कोणी लागले नव्हते. आपल्या वाट्याला फक्त दुर्लक्ष आले. तरी कोणाच्या परवानगीची वाट न पाहता स्वतःची गाणी वाजवण्याची ती ओढ खरी होती आणि ती या चेहऱ्यांवर दिसते.

बेस

मी निवडलेल्या फोटोत माझे फक्त बूट आहेत. त्यांच्या शेजारी जमिनीला चिकटवलेला गाण्यांच्या क्रमाचा कागद आहे. निगेटिव्ह जास्त रिझोल्यूशनवर पुन्हा स्कॅन केल्यावर तो वाचता आला. पाचव्या ओळीवर ‘काचेचा जिना’ असे लिहून पुढे ‘ई मायनर, संथ’ अशी नोंद, म्हणजे गाण्याची स्वरपट्टी आणि लय, आहे. हे गाणे आपण सगळेच विसरलो होतो. मी तो सूर धरून बसलो तेव्हा बोटे आपसूक पुढच्या सुरावर गेली. ड्रमरला फोनवर ऐकवले, तर त्याने मांडीवर नेमका तोच ठेका धरला. गायकाला दुसरे कडवे पूर्ण आठवले आहे. पहिले अजून सापडलेले नाही. गीतकाराच्या वह्यांत ते असेल, तर त्याने कृपया ते येथे उतरवावे.