होस्टेलला निघालेल्या पोरांना घरचा हिशेब दाखवायचा की नाही?

कपाशीवाला (यवतमाळ जिल्हा)

सीईटी झाली, कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) याद्या लागताहेत. आमच्याकडे घरोघरी तयारी चालू आहे. पेटी, गादी, बादली, जवसाची चटणी, शेव-चिवड्याचे डबे. हे द्यावंच, त्याला माझी हरकत नाही. पण घरची खरी परिस्थिती मात्र कोणी पोरांच्या कानावर घालत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की निघायच्या आधी एका रात्री पोराला-पोरीला समोर बसवा आणि वही उघडा. पीककर्ज किती काढलं, मागचं किती थकलंय, कृषी केंद्रात खत-बियाण्याची उधारी किती, सगळं दाखवा. कारण कॉलेजचा हंगाम आणि आपला हंगाम जुळत नाही. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतात, तेव्हा घरातला पैसा पेरणीत आणि निंदणीच्या मजुरीत गेलेला असतो. हातात पैसा येतो सोयाबीन विकल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीला. कापसाचा तर सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) करून वेचा सुरू झाल्यावर. होस्टेलचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, पुस्तकं हे सगळं नेमकं त्याआधी येतं. पोराला काही माहीतच नसेल तर तो सप्टेंबरमध्ये फोन करून बूट मागतो आणि बाप कोणाला न सांगता व्याजाने पैसे काढतो.

आमच्या पुतणीच्या वेळी भावाने वही तिच्यापुढे सरकवली. तिने मागच्या पानावर दोन रकाने आखले, ‘आत्ता पाहिजे’ आणि ‘दिवाळीनंतर चालेल’. गादी, ड्रॉइंगचं सामान पहिल्यात. लॅपटॉप तिने स्वतः दुसऱ्यात टाकला आणि पहिलं सत्र कॉलेजच्या संगणक कक्षात काम भागवलं. तिला कोणी उपदेश केला नव्हता.

सावलीतली शाळा

मनापासून विरोध. मी काटोलकडे ज्युनिअर कॉलेजात शिकवते. आमचा एक विद्यार्थी अमरावतीला गेला. वडिलांनी निघताना कर्जाचा आकडा सांगितला, वाईट हेतूने नाही. पोराने मेसला एकच वेळ लावली. रात्री खोलीवर मुरमुरे खायचा आणि आईला फोनवर ‘आज वांग्याची भाजी होती’ असं सांगायचा. दिवाळीला घरी आला तेव्हा पँट पट्ट्याने आवळून चुणीदार झालेली. पहिल्या सत्रात गणित राहिलं ते वेगळंच.

आपल्या भागात कर्ज हा साधा विषय नाही. ज्या गावात त्यापायी माणसं गेली आहेत, तिथल्या पोराच्या हातात तो आकडा देऊन त्याला एकटं दूर पाठवायचं? रात्री तो कोणाशी बोलेल?

वऱ्हाडी गडी

मॅडम, पोट्ट्याले मालूम नसते असं वाटते का तुमाले? फायनान्सवाला दारात येते तवा पोट्टं घरातच असते. मायच्या गळ्यातली पोत कुठं गेली हे त्याले दिसते. न सांगतल्यानं ते मनातल्या मनात आकडा दुप्पट करून घेते. खरं सांगतलं तं निदान तेवढाच राह्यते.

पैनगंगेकाठची

मुलींचं काय, याचा विचार कोणी केला का? मुलापुढे वही ठेवली तर तो खर्च कमी करतो. मुलीपुढे ठेवली तर ती म्हणते, राहू द्या बाबा, मी गावातच बीए करते. माझी मोठी असंच म्हणाली होती आणि घरातल्या दोघा-तिघांना ते लगेच पटलंही होतं. मी अडून बसले म्हणून ती आज नागपूरला शिकते आहे. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली. मेस आणि खोली मात्र त्यात नाही, आणि तेवढ्या खर्चासाठी मुली माघार घेतात. त्यामुळे कपाशीवाले दादा, तुमच्या पुतणीचं कौतुक आहे, पण सगळ्या घरांत बाप तुमच्या भावासारखा नसतो. मुलीला आधी ‘तू जाणारच आहेस’ हे सांगा. वही नंतर, आणि तीसुद्धा ॲडमिशन पक्की झाल्यावर.

माजी होस्टेलवाला, अकोला

वही दाखवायची तर जमेची बाजूही दाखवा. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलाला व्यावसायिक शिक्षणासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जाती-नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम्, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. अर्ज प्रवेशानंतरच भरायचे असतात, त्यामुळे ऑगस्टच्या मेसबिलाला हा पैसा धरू नका. उत्पन्नाचा दाखला याच वर्षीचा काढा. खातं पोराच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेले पैसेही अडकतात. हे काम बापाने न करता पोरानेच तहसीलला रांग लावून करावं. होस्टेलची खरी तयारी तिथेच होते.

कपाशीवाला

मॅडमची एक गोष्ट मी वहीतच लिहायला सांगेन, तीही पहिल्या ओळीत: मेसचे दोन्ही वेळचे पैसे बाजूला काढलेले आहेत, त्यात काटछाट करायची नाही. ताईंचा क्रमही बरोबर आहे, आधी जाण्याचं नक्की, मग हिशेब. पण लपवण्याला माझा विरोध कायम आहे. होस्टेलला गेलेलं पोर घरचंच असतं, त्याला पाहुण्यासारखं का वागवायचं?

सावलीतली शाळा

लपवा असं मी म्हणतच नाही. मर्यादा सांगा, कर्ज सांगू नका. ‘महिन्याला एवढे मिळतील, दिवाळीपर्यंत जास्तीचं काही होणार नाही,’ इतकं पुरतं.

कपाशीवाला

आणि ठरलेले पैसेसुद्धा महिन्याच्या 20 तारखेपर्यंत गेले नाहीत तर? तेव्हा फोनवर काय सांगायचं?

सावलीतली शाळा

तेव्हा खरं सांगायचं, की सोयाबीन भिजलं, अजून विकलं नाही, आठ दिवस थांब. ही एका महिन्याची अडचण झाली, ती पोराला पेलते. सात-बाऱ्यावरचा बोजा पहिल्या वर्षाच्या पोराला दाखवू नका, यावर मी ठाम आहे.