मदत हवी आहे: नवीन लेआऊटमध्ये प्लॉट निवडताना नेटचं काय काय बघायचं? (दारव्हा, जि. यवतमाळ)

पऱ्हाटी

मंडळी, नमस्कार. दारव्ह्यापासून चारेक किलोमीटरवर शेत मोडून एक लेआऊट पडलाय. एन.ए. (बिगरशेती) झालेला आहे, मुरमाचे रस्ते टाकलेत, गेट उभं राहिलंय आणि गेटावर दोन सिमेंटचे हत्तीही बसलेत. तीन प्लॉटवर येऊन आम्ही अडलो आहोत. दसऱ्याच्या आत इसार द्यायचाय.

मी पुण्याच्या एका कंपनीचं हिशेबाचं काम घरून करतो. दिवसाला चार-पाच व्हिडिओ कॉल ठरलेले. त्यामुळे पाणी, लाईट, रस्ता यांच्या पंगतीला माझ्या हिशेबी नेटही बसतं. बाबा म्हणतात, "आमी जागा घेताना विहिरीचं पाणी पायत होतो, हा टॉवर पायते."

एवढा धसका का घेतला ते सांगतो. सध्याच्या भाड्याच्या घरात राऊटर पुढच्या खोलीत आहे आणि माझं टेबल अंगणापलीकडच्या खोलीत. मधे दीड फुटाची जुनी भिंत. तरी मार्चपर्यंत सगळं सुरळीत होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरमालकांनी पुढच्या खोलीच्या खिडकीत पत्र्याचा कुलर बसवला आणि त्या दिवसापासून माझा कॉल तुटायला लागला. मी नेटवाल्याला तीनदा बोलावलं, राऊटर बदलला, प्लॅन वाढवला. जूनमध्ये कुलर काढून माळ्यावर टाकला आणि नेट आपोआप सुधारलं! म्हणजे सिग्नल इतके दिवस त्या खिडकीतूनच येत होता आणि आम्ही तिथे पत्र्याची पेटी ठोकली होती. वर त्यात तीन ओल्या ताट्या.

आता प्लॉट.

७ नंबर गेटाजवळ आहे, कॉर्नरचा, डांबरी रस्त्याला लागून. सगळ्यात महाग. २३ नंबर मधोमध, थोडा उंचवट्यावर, पण पश्चिमतोंडी. ४१ नंबर मागे नाल्याकडे उतरत गेलेला, पूर्वतोंडी, तिघांत मोठा आणि स्वस्त. आईला तोच हवा आहे, कारण बाजूला कडुलिंबाचं मोठं झाड आहे.

मी तिन्ही ठिकाणी मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन सिमकार्डची सिग्नल स्ट्रेंग्थ बघितली. ७ वर उणे ८९ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जेवढं जवळ तेवढं चांगलं), २३ वर उणे ९६, आणि ४१ वर उणे ११३. एकच सिम, एकच फोन, संध्याकाळी सहाची वेळ.

लेआऊटवाल्याच्या पत्रकात 'संपूर्ण परिसर वायफाय' असं छापलंय. गेटाच्या खांबावर एक पांढरा डबा लावलेला आहे खरा. त्याच्याखाली उभं राहिलं तर फोनमध्ये नाव दिसतं, ७ नंबरच्या मागच्या कुंपणाशी गेलं की गायब.

तर प्रश्न असा की नेटसाठी ७ नंबरचे जास्तीचे पैसे मोजावेत का? की हे नंतर निस्तरता येतं?

तारकाम

दोन-तीन गोष्टींची खिचडी झाली आहे, आधी ती वेगळी करू.

वायफाय म्हणजे तुमच्या घरातल्या राऊटरपासून तुमच्या लॅपटॉपपर्यंतचा शेवटचा टप्पा. त्याचा प्लॉट नंबरशी काही संबंध नाही. तो घराच्या बांधकामाचा प्रश्न आहे आणि घर बांधताना थोडक्या पैशात सुटतो. गेटावरचा डबा विसरून जा. उघड्यावरही तो शंभरेक मीटरच्या पुढे फारसा कामाचा नसतो, आणि घरं उभी राहिली की तेवढंही नाही. पत्रकात छापायला मात्र बरा.

प्लॉटशी संबंध आहे तो घरापर्यंत नेट येतं कसं याचा. तुमच्याकडे दोनच वाटा: फायबर किंवा मोबाईल टॉवर.

फायबरचं अंतर हा लोकांचा गैरसमज आहे. काचेच्या तारेत सिग्नल किलोमीटरला साधारण ०.३५ डेसिबल एवढाच घटतो. घरगुती फायबरची जी पद्धत आपल्याकडे चालते, ती एक्सचेंजपासून २० किलोमीटरपर्यंत चालावी अशीच बनवलेली आहे. समजा गेटापासून ७ नंबर ३० मीटर आणि ४१ नंबर ३०० मीटर, हा फरक फायबरच्या दृष्टीने शून्य. खरा प्रश्न हा की त्या ३०० मीटरवर केबल टांगायला खांब आहेत का, आणि दोन-तीन गिऱ्हाइकांसाठी केबलवाला तिथवर यायला तयार आहे का. हे इंजिनिअरिंग नाही, हा धंदा आहे. लेआऊटमध्ये वस्ती व्हायला पाच-सात वर्षं लागतात, तोवर शेवटच्या कोपऱ्यातला माणूस एकटा पडतो.

मोबाईल सिग्नलचे तुमचे आकडे बोलके आहेत. डीबीएमचा हिशेब साधा नसतो, दर १० ला दहापट फरक पडतो. ७ आणि ४१ मधला फरक २४ चा, म्हणजे ४१ वर पोचणारी ताकद अडीचशेपटीने कमी. उणे ११० च्या खाली व्हिडिओ कॉलची आशा धरू नये. पण हा आकडा तुम्ही छातीच्या उंचीवर धरलेल्या फोनचा आहे. तुमचा अँटेना उद्या गच्चीवर असेल. गच्चीच्या उंचीवर मोजा, मग बोलू.

सरकारचं तरंगसंचार नावाचं पोर्टल आहे. त्यावर आपल्या जागेच्या आसपास कोणाचे टॉवर कुठे आहेत ते नकाशावर दिसतं. टॉवर आणि प्लॉट यांच्या मधे काय आहे ते बघा. टेकडी असेल तर सुटका नाही, झाडं असतील तर उंची वाढवून भागतं.

झुणका_भाकर

भाऊ, तुमी प्लॉट घेऊन रायले का नेट घेऊन रायले? 😄

गंमत सोडा. आमच्याकडे फायबर आहे, खांबावरून आलेलं. महिन्यातून एकदा वानरं त्याच्यावर झोके घेतात. टोळी आली की आमची पोरं पहिले राऊटरकडे पायतात, लाल लाईट लागला का म्हणून. केबलवाला सांगते उद्या येतो, तो उद्या तिसऱ्या दिवशी येते. म्हणून फायबर असलं तरी दुसऱ्या कंपनीचं एक सिम घरात पाहिजेच, आणि त्या सिमले रेंज पाहिजेच. म्हणून मी ४१ ले नाई म्हणतो.

आन लाईटचं काय? लाईट गेली का राऊटर बंद. राऊटरले चालते तो बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आणजा, दोन-तीन तास काढते. फायबरची डबी आणि राऊटर वेगवेगळे असले तर दोघांयलेही त्याच्यावर टाका. मी पहिल्यांदा फक्त राऊटरच टाकला होता. वायफाय दिसे, नेट नाई!

निवृत्त_ओव्हरसिअर

नेटचं मला फार कळत नाही, पण ४१ नंबरबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. नाल्याकडे उतरता प्लॉट, आणि यवतमाळकडची काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात जातो. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागेल. जोत्याची उंची वाढवावी लागेल, भरती वेगळी. स्वस्त प्लॉटचे वाचलेले पैसे तिथेच गाडले जातील. यंदाच्या पावसात नाल्याचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या वावरातल्या माणसाला विचारा, लेआऊटवाल्याला नको.

कागदाचं: आठपेक्षा जास्त प्लॉट आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन, असं दोन्ही असेल तर महारेराची (प्लॉट-फ्लॅटच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते. नंबर घेऊन त्यांच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशा बघा. विजेचे खांब त्यात कुठे दाखवलेत ते पाहा. खांब आले की त्यांच्यामागोमाग बाकी तारा येतात, हे आयुष्यभर पाहिलंय. आतले रस्ते ग्रामपंचायतीकडे सोपवलेत की अजून मालकाच्याच नावावर आहेत तेही विचारा. उद्या केबलसाठी खांब रोवायची परवानगी कोणाकडे मागायची हे त्यावर ठरतं.

७ नंबरलाही एक खोट आहे. रस्ता रुंद झाला की पहिली कुऱ्हाड कडेच्या खांबांवर आणि कंपाउंडवर. रस्त्याच्या मध्यापासून बांधकाम रेषा किती फुटांवर आहे ते काढा, मग कळेल तो 'मोठा कॉर्नर' बांधायला किती उरतो.

पऱ्हाटी

सगळ्यांचे आभार. रविवारी पुन्हा जाऊन आलो. तारकाम यांनी गच्चीच्या उंचीवर मोजा म्हटलं, पण तिथे गच्ची कुठली? काकांच्या वावरातून वीस फुटी बांबू आणला, टोकाला फोन सुतळीने बांधला. आता वरचा आकडा खालून वाचायचा कसा? स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून बांबू उभा केला, दोन मिनिटं धरला, खाली घेतला आणि मग व्हिडिओ बघितला. लेआऊटवाल्याचा पोरगा लांबून बघत होता. शेवटी न राहवून विचारायला आला, "दादा, पाणी पायत आहे का?"

आकडे असे: ४१ वर उणे ११३ चे उणे १०२ झाले. २३ वर उणे ९६ चे उणे ८५. ७ वर जेमतेम दोनाचा फरक. दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून पाहिलं तर ७ आणि २३ जवळजवळ सारखेच. पोर्टलवर टॉवर बघितला, तो गावाच्या पलीकडे आहे, आणि ४१ व त्याच्यामधे लेआऊटचाच उंचवटा आडवा येतो. म्हणजे ज्या उंचवट्यावर २३ आहे तोच ४१ ची रेंज खातोय.

ग्रामपंचायतीतही गेलो. भारतनेटची (ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची सरकारी योजना) केबल कार्यालयापर्यंत आलेली आहे. तिच्यावरून बीएसएनएलचं घरगुती कनेक्शन देणारा एक पोरगा तालुक्याला बसतो, त्याचा नंबर मिळाला. तो म्हणाला, गेटापर्यंत आणून देतो, आत खांब असतील तिथवर येतो. मंजूर नकाशात विजेचे खांब मधल्या रस्त्याने २३ वरून जातात आणि ३० नंबरला संपतात. ओव्हरसिअर काकांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. नाल्याचंही विचारलं. शेजारच्या वावरातले आजोबा काही बोलले नाहीत, नुसतं लिंबाच्या बुंध्यावर कमरेएवढी मातीची खूण दाखवली.

आईने ती खूण बघितली आणि ४१ चा विषय घरात संपला. ७ चे जास्तीचे पैसे देण्यात आता अर्थ दिसत नाही. २३ घेतोय. पश्चिमतोंडी आहे, मे महिन्यात भाजून निघू, पण आईने पुढे लिंब लावायचं ठरवलंय.

आता पुढचा प्रश्न. बांधकाम दिवाळीनंतर सुरू होईल. कुलरचा धडा लक्षात ठेवून घरात काय काय करून ठेवू?

तारकाम

बांबूची युक्ती आवडली. उणे ८५ म्हणजे फायबर येईपर्यंत गच्चीवरच्या अँटेनावर काम निभेल. फक्त एक करा, हेच आकडे संध्याकाळी आठ-नऊला पुन्हा घ्या आणि त्याच वेळी ट्रायच्या (दूरसंचार नियामक) मायस्पीड अ‍ॅपवर वेगही बघा. सिग्नल चांगला असून टॉवरवर गर्दी असेल तर वेग मिळत नाही, आणि ते डीबीएममध्ये दिसत नाही. लिंब लावताना टॉवरची दिशा सोडून लावा. पावसात भिजलेला गच्च पाला सिग्नल बऱ्यापैकी पितो.

घराचं एकच सांगतो: कामाच्या खोलीत वायफायवर विसंबू नका, तार टाका. गच्चीपासून जिन्याखालच्या एका कपाटापर्यंत आणि तिथून कामाच्या खोलीत, हॉलमध्ये, वरच्या मजल्यावर छताच्या मधोमध, असे रिकामे पाईप स्लॅब पडायच्या आधी टाकून घ्या. पंचवीस मिलिमीटरचा पाईप घ्या. विजेच्या वायरच्या पाईपमध्ये ही तार घालू देऊ नका, इलेक्ट्रिशियन हमखास तेच करतो. तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी लांबी होतच नाही. कॉपर कोटेड ॲल्युमिनियमची स्वस्त केबल गळ्यात मारतील, ती घेऊ नका.

राऊटर शोकेसमध्ये, टीव्हीमागे, लोखंडी कपाटाशेजारी नको. आणि कुलर जिथे बसणार त्या खिडकीच्या रेषेत तर नकोच, हे तुम्हाला सांगायला नको. स्लॅबच्या आरपार ५ गिगाहर्ट्झचं (जास्त वेगाचं) वायफाय फारसं जात नाही, म्हणून वरच्या मजल्यावर वायफायचा दुसरा डबा लागेलच. तोही तारेने जोडा.

गेटापासून पुढे कधी जमिनीतून केबल आणायची झाली तर एचडीपीई (जाड प्लॅस्टिकच्या) पाईपमधून आणा आणि दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर सैल ठेवा, काळी माती सरकते.

झुणका_भाकर

आन भाऊ, पाईप टाकून झाले का प्रत्येकात एक बारीक लोखंडी तार ओवून ठेवजा, दोन्ही टोकं बाहेर काढून. आमच्या घरी पाईप आहे पण तार नाई टाकली. तीन वर्षं झाले, केबल आत सरकत नाई. स्लॅबच्या दिवशी मिस्तरी घाईत राहते, तुमी सोता उभे राहा.

पऱ्हाटी

लिहून घेतलं. तार माझ्याकडेच आहे, कुलर खिडकीला बांधला होता तीच.