डॉक्टर मोजल्याने डॉक्टर मिळतात का? (‘नकाशेवाला’ यांच्या लेखाला उत्तर)

गोदाकाठ :
‘नकाशेवाला’ यांनी परवा येथे लिहिलेल्या लेखाचे सार असे : राज्यातील सर्व डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांची माहिती एकत्र आणावी, तिचा तालुकानिहाय नकाशा करावा आणि जेथे तूट दिसेल तेथे बदल्या कराव्यात. देशात ८११ लोकांमागे एक डॉक्टर असल्यामुळे प्रश्न संख्येचा नाही, वाटपाचा आहे आणि वाटप संगणक करू शकतो. ‘सरकारी बाबूंना आकडे वाचता येत नाहीत’ या वाक्याने त्यांनी लेख संपवला आहे. मी तो बाबू होतो. आरोग्य खात्याच्या आस्थापना शाखेत पदस्थितीचे तक्ते तयार करण्यात माझ्या नोकरीचा मोठा भाग गेला, म्हणून हे उत्तर सविस्तर आहे.

मंजूर पदे, भरलेली पदे आणि रिक्त पदे हे तीन रकाने दरमहा भरले जातात. केंद्र सरकार ग्रामीण आरोग्याची आकडेवारी दरवर्षी छापते आणि २०२१-२२ च्या अहवालात सामुदायिक आरोग्य केंद्रांमधील तज्ज्ञांची तूट गरजेच्या सुमारे ८० टक्के दाखवलेली आहे. म्हणजे नकाशावर तूट दाखवण्यासाठी आपल्याला हवा असलेला लाल रंग कागदावर केव्हाचाच आहे. खोट ‘भरलेली’ या रकान्यात आहे. तेथे ज्याचे नाव असते त्याचा पगार त्या आस्थापनेवरून निघतो, यापलीकडे तो रकाना काहीही सांगत नाही. तो अधिकारी प्रतिनियुक्तीवर (मूळ जागेवर नाव ठेवून तात्पुरता दुसरीकडे) शहरात असो, तोंडी आदेशाने दुसऱ्या कार्यालयात कामगिरीवर असो, पदव्युत्तर शिक्षणाला गेलेला असो किंवा दीर्घ रजेवर असो, पद भरलेलेच राहते आणि त्या जागी दुसरा माणूस मागता येत नाही. रिक्त पद त्यापेक्षा बरे, कारण त्याची निदान जाहिरात निघते.

८११ च्या आकड्याबद्दलही थोडे लिहितो. नोंदणीकृत ॲलोपथी आणि आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी आदी) डॉक्टरांपैकी ८० टक्के उपलब्ध आहेत, असे गृहीत धरून तो काढलेला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातील आरोग्य मनुष्यबळाचा कागदोपत्री साठा सुमारे ५७.६ लाख होता, तर श्रमबलाच्या पाहणीतून प्रत्यक्ष काम करणारे सुमारे ३१.२ लाखच निघाले. आपला संगणक यांपैकी कोणाची बदली नाशिक जिल्ह्यातील दुर्गम सुरगाण्याला करणार आहे?

नकाशेवाला :
गोदाकाठ साहेब, आपण माझ्या विरोधात लिहिले आहे असे आपल्याला वाटते. मला मात्र ते माझ्या बाजूचे वाटते. तीन रकाने खोटे बोलत असतील तर चौथा काढावा : ‘आज हा मनुष्य कोठे आहे?’ माझी मागणी याहून वेगळी नाही. शिवाय पदे मोजण्याऐवजी काम मोजण्याची रीत जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली आहे. एका बाळंतपणाला किती वेळ लागतो, वर्षात अशी किती बाळंतपणे होतात आणि त्यावरून किती माणसे लागतात, असा तो हिशेब आहे. आपल्याकडे मात्र आदिवासी भागात २०,००० आणि इतरत्र ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे मोजमाप वापरले जाते आणि तेही २०११ च्या जनगणनेवर. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्यातील मजूर कुटुंबे निफाड आणि दिंडोरीच्या बागांवर असतात. गरोदर बायका आणि लसीची बाळेही त्यांच्याबरोबर असतात. हे कोणत्या तक्त्यात येते?

एक प्रश्न थेट विचारतो. एवढी वर्षे तक्ते भरताना आपण चौथा रकाना का मागितला नाही?

गोदाकाठ :
मागितला होता. टिप्पणी वर गेली आणि ‘तूर्त आवश्यकता नाही’ अशा शेऱ्यासह परत आली. चौथा रकाना सुरू झाला असता तर प्रतिनियुक्ती कोणाच्या शिफारशीने झाली हा पाचवा रकाना आपोआप उघडला असता, हे शेरा मारणाऱ्याला आपल्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगले कळत होते. आपण गंगापूर रोडला वातानुकूलित खोलीत बसून ‘का मागितला नाही’ असे विचारता, तेव्हा संताप येतो तो यामुळे.

चणकापूर :
दोघांचेही रकाने बाजूला ठेवा. माझ्या भावजयीची वेळ आली तेव्हा आम्ही तिला डोंगराकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात नेले. स्त्रीरोगतज्ज्ञ बाई हजर होत्या आणि शस्त्रक्रियेची खोलीही उघडी होती. भूलतज्ज्ञ मात्र नव्हते, म्हणून रेफर चिठ्ठी मिळाली आणि घाट उतरून नाशिक गाठावे लागले. भावजय वाचली. बाळाचे काय झाले ते येथे लिहिण्याची माझी इच्छा नाही. पुढे कळले, की एक भूलतज्ज्ञ जिल्ह्यातच अशा रुग्णालयात नेमलेले होते, जेथे शस्त्रक्रिया करणारे कोणी नव्हते. दोघांच्याही नावापुढे ‘पद भरले’ असेच लिहिलेले असणार. सुरगाण्याच्या सीमेवरील गावांनी २०२२ च्या डिसेंबरात ‘आम्हाला गुजरातेत जाऊ द्या’ अशी मागणी केली, तेव्हा शहरातल्या लोकांना ते राजकारण वाटले. ज्यांना धरमपूर आणि वलसाड जवळ पडते, त्यांना त्यात नवल वाटले नाही.

पंडित कॉलनी :
चणकापूर यांच्याबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. परंतु मूळ लेखातील सर्वांत घातक भाग कोणीच नीट पकडलेला नाही. मी सर्जन आहे. ८११ चा आकडा आयुष पदवीधर मिळवल्याशिवाय निघत नाही. ज्याला सिझेरियन करता येत नाही, भूल देता येत नाही, त्याला ‘डॉक्टर’ या रकान्यात घातले की कागदावरची टंचाई मिटते आणि सरकारवरची जबाबदारीही मिटते. होमिओपॅथीच्या पदवीधरांना एका वर्षाचा औषधशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम देऊन ॲलोपथी डॉक्टरांच्या परिषदेकडे नोंदणी देण्याचा घाट याच हिशेबातून घातला गेला. १८ सप्टेंबर २०२५ रोजी आम्ही राज्यभर बंद पाळला तो त्यासाठीच.

वैद्य म्हसरूळ :
सर्जन साहेब, बंद पाळलात त्या रात्री १०८ च्या रुग्णवाहिकेत कोण बसले होते, याचीही माहिती काढा. २०१४ पासून ही सेवा चालू आहे आणि तिच्यात रात्री-अपरात्री घाट चढणारे बहुतेक डॉक्टर आयुष पदवीधर आहेत. आदिवासी तालुक्यांतील कित्येक प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बीएएमएस (आयुर्वेदाचा पदवीधर) बसलेला असतो, कारण एमबीबीएस येत नाही आणि आला तर टिकत नाही. मी स्वतः अशा केंद्रात सर्पदंश, विंचूदंश, अडलेली बाळंतपणे पाहिली आहेत. तेव्हा कोणीही मला विचारले नाही, की आपण कोणत्या रकान्यातले. शहरात दवाखाना टाकल्यावर मात्र मी अचानक भोंदू ठरलो.

पंडित कॉलनी :
भोंदू हा शब्द माझा नाही, तो मागे घ्या. आयुर्वेदाच्या पदवीधराने सरकारी सेवेत केलेले काम मी नाकारत नाही. मी बोललो ते होमिओपॅथी आणि त्या एका वर्षाबद्दल. आपण मुद्दाम दोन्ही एकत्र करत आहात.

वैद्य म्हसरूळ :
एकत्र मी करत नाही. ८११ मध्ये सरकारने केले आणि त्याला विरोध करताना आपणही तेच केले. वर आपले पहिले वाक्य सरसकट ‘आयुष पदवीधर’ असे आहे. राहिला तो एका वर्षाचा अभ्यासक्रम. कायद्यात दुरुस्ती २०१४ मध्ये झाली आणि अभ्यासक्रम आपल्याच नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने चालवला, तेही आपल्याच पॅथीच्या महाविद्यालयांत. शिकवणारे प्राध्यापक आपले, परीक्षक आपले, शुल्कही जमा झाले आणि नोंदणीची वेळ आल्यावर रुग्णांची सुरक्षितता आठवली!

पंडित कॉलनी :
शुल्काचा टोमणा जिव्हारी लागावा म्हणून मारला आहे आणि तो लागला आहे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. तरीही एका वर्षात औषधांचे परस्परपरिणाम शिकता येतात, या म्हणण्यावर मी माझा रुग्ण सोपवणार नाही. आपण सोपवाल का?

वैद्य म्हसरूळ :
मी सोपवणार नाही. पण ज्या पाड्यावर दुसरे कोणीच नाही, तेथील माणसाला हा प्रश्न विचारा. त्याचे उत्तर आपल्याला आवडणार नाही.

इन्चार्ज सिस्टर :
आपणा पुरुषमंडळींचा पॅथीचा वाद संपला असेल, तर मूळ प्रश्नाकडे येते. या संपूर्ण धाग्यात परिचारिका हा शब्द एकदाच आला, तोही पहिल्या ओळींत, नंतर लागलीच विसरण्यासाठी. भूलतज्ज्ञ मिळाले तरी शस्त्रक्रियेनंतर रात्रभर बाईचा रक्तस्राव कोण पाहणार? माझ्या पाळीला दोन वॉर्ड आणि एक सिस्टर अशी रात्र अपवादाने येत नाही, ती नेमाने येते. सोबतच्या मुली राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटावर आहेत, ११ महिन्यांची ऑर्डर, मग खंड, मग पुन्हा ऑर्डर. १० वर्षे सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संपावर जावे लागले. एवढे होऊनही कंत्राटी सिस्टरचे पद ‘भरलेले’ की ‘रिक्त’, हे प्रत्येक कार्यालय आपल्या सोयीने लिहिते.

नकाशेवाला, आपल्याला हवी असलेली माहिती भरते कोण, हेही ऐका. माता-बालकांचे एक पोर्टल, क्षयरुग्णांसाठी निक्षय, लसीकरणासाठी यू-विन, शिवाय मासिक अहवाल वेगळा. उपकेंद्रातील एएनएमचा (गावातल्या आरोग्यसेविकेचा) अर्धा दिवस मोबाइलला रेंज शोधण्यात जातो. मनुष्यबळ कमी आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याच मनुष्यबळाला आणखी एक ॲप देणार असाल, तर आपला नकाशा आपल्यापाशीच ठेवा.

नकाशेवाला :
सिस्टर, नवे ॲप मी मागत नाही. पगाराची माहिती सेवार्थ प्रणालीत आहे, हजेरी स्वतंत्रपणे नोंदली जाते, परिचारिकांची नोंदवही त्यांच्या परिचर्या परिषदेकडे आहे आणि राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवही २०२४ मध्ये सुरू झालेली आहे. या वह्या एकमेकींशी बोलत नाहीत, एवढेच माझे दुखणे आहे. चणकापूर यांच्या कुटुंबावर आलेला प्रसंग दोन याद्या शेजारी ठेवल्या असत्या तर टळू शकला असता : एका यादीत स्त्रीरोगतज्ज्ञ, दुसरीत भूलतज्ज्ञ. याला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही, एक पट्टी आणि पेन्सिल पुरते. नकाशाने डॉक्टर उगवत नाहीत, हे मान्य करायला लावल्याबद्दल सर्वांचे आभार मानतो. पण असलेले दोघे एका छताखाली आणण्यालाही आपला विरोध आहे का?

हरसूल घाट :
मी बंधपत्राच्या वर्षावर असलेला डॉक्टर आहे. एका छताखाली आणणे सोपे आहे. ते छत गळते. एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी सेवा करा किंवा १० लाख रुपये भरा, असा नियम माझ्या तुकडीला होता आणि ज्यांच्या घरी पैसे होते त्यांनी ते भरले. मी आलो, कारण पैसे नव्हते. खरे सांगायचे तर काम आवडू लागले आहे. तरीही येथे राहीन असे वाटत नाही, कारण पत्नीला नोकरी शहरात आहे आणि निवासस्थानाला पाणी एक दिवसाआड येते. पदव्युत्तर प्रवेशासाठी दुर्गम सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १० टक्के, कमाल ३० टक्के वाढीव गुणांची जी तरतूद केली गेली, तिने माणसे आणली, हे मी वरिष्ठांमध्ये पाहिले आहे. ती प्रवेश मिळताच गेली, हेही पाहिले आहे. कोण का गेला, याची नोंद कोणी ठेवत असेल तर मला दाखवा. मी गेल्यावर मला कोणी विचारणार नाही. फक्त पद पुन्हा रिक्त होईल.

चणकापूर :
डॉक्टर, आपण जाणार हे गावाला पहिल्या दिवसापासून माहीत असते. म्हणूनच आमच्या आश्रमशाळांतून निघालेली मुले एमबीबीएसला पोचतात का, याची मोजणी आधी करा. ती मुले सगळीच परत येतील असे नाही, पण त्यांना घाटाची भीती नसते.

गोदाकाठ :
हरसूल घाट यांच्या रकान्याला मी सहावा म्हणतो आणि तो भरण्याची हिंमत कोणत्याही खात्यात नाही. नकाशेवाला यांची दोन याद्यांची सूचना मात्र पट्टी-पेन्सिलीपुरती मला मान्य आहे. लेखातील शेवटचे वाक्य त्यांनी काढले असते तर कालच मान्य केली असती. माहितीच्या अधिकाराच्या कलम ४ नुसार अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका स्वतःहून प्रसिद्ध करणे कार्यालयांवर बंधनकारक आहे. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञ, त्यांची मूळ आस्थापना, सध्याचे कामाचे ठिकाण आणि प्रतिनियुक्तीच्या आदेशाचा क्रमांक मागणारा अर्ज मी लिहून देतो. शुल्क १० रुपये आहे. ‘आदेश तोंडी असल्यास तसे नमूद करावे’ ही ओळ मी त्यात मुद्दाम घालणार आहे.

नकाशेवाला :
अर्ज माझ्या नावाने जाऊ द्या. आणि ते वाक्य मी काढत नाही, ‘काही बाबूंना’ असे करतो.

पंडित कॉलनी :
त्या यादीत ॲलोपथी आणि आयुष वेगवेगळे दाखवण्याची मागणी करा.

वैद्य म्हसरूळ :
अवश्य करा. त्याच्या शेजारी रात्रीच्या हजेरीचाही रकाना मागा, म्हणजे वेगवेगळे दाखवल्याचे सार्थक होईल.

इन्चार्ज सिस्टर :
आणि सिस्टर?